मदत हवी आहे : ध्वनिफेरीच्या प्रश्नावलीसाठी दोन मराठी शब्द

शहरातले आवाज माणसांना कसे जाणवतात आणि त्यांचा ते काय अर्थ लावतात, हे समजून घेण्यासाठी मी ध्वनिफेरी, म्हणजे लोकांसोबत चालत आजूबाजूचे आवाज लक्षपूर्वक ऐकण्याचा उपक्रम, घेत आहे. आयएसओ १२९१३ या ध्वनिपरिसराविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ मधील दुसऱ्या भागात यासाठी आठ विशेषणे दिली आहेत. आल्हाददायक, त्रासदायक, शांत, गोंधळाचे, चैतन्यपूर्ण आणि एकसुरी हे सहा शब्द लोकांना सहज कळतात. अडचण उरलेल्या जोडीची आहे, म्हणजे सतत काहीतरी घडत असल्याची जाणीव आणि तिचा अभाव.

‘गजबजलेले’ हा शब्द वापरून पाहिला, पण त्यातून गर्दी सूचित होते; ‘निवांत’ म्हटले, तर लोक त्याला ‘शांत’च समजतात. दुकानाचे शटर खडखडत वर गेले तेव्हा एक आजी समाधानाने म्हणाल्या, “चला, दिवस सुरू झाला”, आणि शेजारच्या तरुणाने मात्र कानांवर हात ठेवले. हाच फरक मला नोंदवायचा आहे, त्यामुळे शब्दात आवड वा नावड डोकावता कामा नये.

डेसिबलची मोजणी वेगळी होते, त्याबद्दल प्रश्न नाही. शब्द पाच पायऱ्यांच्या श्रेणीत बसणारा आणि वाचून दाखवल्यावर सर्व वयाच्या लोकांना समजणारा हवा. अशी तटस्थ जोडी कोणती सुचवाल?