मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘अ‍ॅफर’ म्हणजे नेमका कोणता घोडा?

प्रश्न
तेराव्या शतकातील एका इंग्लिश जहागिरीच्या हिशेबाचा अनुवाद वाचताना ‘अ‍ॅफर’ हा शब्द वारंवार आढळला. तो कामाचा घोडा असावा, एवढे संदर्भावरून कळते. लॅटिनमध्ये ‘आफेर’ म्हणजे आफ्रिकेचा रहिवासी. तेव्हा हे घोडे आफ्रिकेतून आणलेले होते काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १
आफ्रिकेशी याचा संबंध नाही. हे ‘अ‍ॅव्हर’ या शब्दाचेच रूप असून कोशांत त्याचे मूळ सहसा जुन्या फ्रेंचमधील ‘अवेइर’ या शब्दात दाखवतात. त्याचा अर्थ जवळ असणे, आणि त्यावरून जवळ असलेली मालमत्ता. त्याच्याही मागे लॅटिन ‘हाबेरे’ हे क्रियापद आहे. (मराठीतील ‘अव्हेर’ अर्थातच वेगळा.) शेतकऱ्याची जंगम मालमत्ता म्हणजे मुख्यतः जनावरे, त्यामुळे अर्थ आधी गुराढोरांपुरता आणि पुढे औताच्या घोड्यापुरता आक्रसत गेला. ‘कॅटल’ हा शब्दही असाच मालमत्तेवरून गुरांवर आला आहे. आपण ‘पशुधन’ म्हणतो तेव्हा धन आणि पशू हे दोन्ही शब्द शाबूत राहतात. तिकडे धनाचा शब्दच जनावराचे नाव झाला, हे मला फार विलक्षण वाटते.

प्रतिसाद २
हिशेबाच्या चर्मपत्राची मागची बाजू अवश्य पाहावी. पैशांचा जमाखर्च पुढे आणि धान्य व जनावरे मागे, अशी सर्वसाधारण रीत होती. गेल्या सालचे शिल्लक किती, विकत घेतले किती, मेले किती, असा अ‍ॅफरांचा हिशेब तेथे सापडतो. गाडीचे घोडे बहुधा वेगळे मोजलेले असतात. अ‍ॅफर हा त्यांच्याहून हलका, स्वस्त, नांगराला आणि कुळवाला जुंपायचा घोडा. तेराव्या शतकातील शेतीविषयक लेखक वॉल्टर ऑफ हेन्ली याने मात्र नांगरासाठी बैलच श्रेयस्कर मानला, कारण म्हातारा बैल चारून खाण्यासाठी उपयोगी पडतो, तर म्हाताऱ्या घोड्याचे केवळ कातडे उरते.

प्रतिसाद ३
पूर्वेकडील काही हिशेबांत याच दर्जाच्या घोड्याला ‘स्टॉट’ म्हटलेले आढळते. चौदाव्या शतकातील इंग्लिश कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील जहागिरीचा कारभारीही स्टॉटवरच बसतो, आणि तो घोडा ठिपकेदार करड्या रंगाचा आहे. उत्तरेत मात्र तोच शब्द बैलाला लावतात. ‘अ‍ॅव्हर’ स्कॉटलंडमध्ये पुष्कळ काळ टिकला, आणि रॉबर्ट बर्न्सच्या 1786 मधील एका कवितेत तो ‘एव्हर’ या रूपात येतो.