बर्डॉकची भावंडं आणि आपला शंकेश्वर

बर्डॉक या औषधी वनस्पतीबद्दल दोन प्रश्न आलेत: तिच्या तीन जातींपैकी अँटिऑक्सिडंट कशात जास्त, आणि गुहागरला बांधावर दिसतं ते काटेरी फळांचं झाड म्हणजे बर्डॉकच का?

आधी दुसरं घेतो, कारण त्यात धोका आहे. प्रश्नासोबत पाठवलेल्या फोटोतलं झाड शंकेश्वर आहे. गुरांच्या शेपटीला आणि आपल्या लेंग्याला चिकटतात ती फळं त्याचीच. बर्डॉकचं आणि त्याचं कूळ एकच, सूर्यफुलाचं. पण शंकेश्वराच्या बिया आणि नुकतं उगवलेलं दोन दलांचं रोप विषारी, थेट यकृतावर घाला. काढाबिढा करू नका हो! खरा बर्डॉक थंड हवेतला, आपल्या देशात तो हिमालयाकडे भेटतो.

आता तुलना. आर्क्टियम लाप्पा, मायनस आणि टोमेंटोसम या बर्डॉकच्या तीन जाती म्हणजे सख्खी भावंडं, आणि क्लोरोजेनिक आम्लाच्या गोतातली फिनॉल्स, म्हणजे अँटिऑक्सिडंट द्रव्यं, हा त्यांच्यातला महत्त्वाचा भाग. पण एकाच्या मुळाचे आकडे दुसऱ्याच्या पानाशी ताडून काय कळणार? अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलात, यानेही क्रम फिरतो. डीपीपीएच या प्रयोगशाळेतल्या अँटिऑक्सिडंट चाचणीत एका रसायनाचा जांभळा रंग अर्कामुळे किती उतरतो ते ५१७ नॅनोमीटर लहरीच्या प्रकाशात मोजतात, बस. नळीत रंग उतरला म्हणून पोटात तेच होईल असं नाही. जपानात हीच लाप्पाची मुळं 'गोबो' म्हणून भाजीत जातात, ते मला जास्त पटतं.

बाकी आपल्या रातांब्याच्या (कोकमाच्या) सालीतही अँथोसायनिन आणि गार्सिनॉल ही अँटिऑक्सिडंट्स आहेतच. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली घरात असताना बर्डॉकची पावडर कशाला मागवताय?