घटस्फोटाचा अर्ज ठाण्यात, मुलगी खारघरला: भेटीचा अंतरिम अर्ज कुठे टाकावा?

घोडबंदर_ज्युनिअर:
अशील वडील आहेत. शेवटचं एकत्र वास्तव्य घोडबंदर रोडला, म्हणून क्रूरतेच्या कारणावर घटस्फोटाचा अर्ज ठाणे कौटुंबिक न्यायालयात दाखल केलाय. पत्नी पाच महिन्यांपासून माहेरी, खारघरला. मुलगी सव्वाचार वर्षांची, तिथल्याच शाळेत घातली आहे. समन्स अजून बजावलं गेलेलं नाही. अशिलाला दिवाळीच्या सुट्टीआधी ताबा हवाय. पालक व पाल्य कायदा, १८९० खाली रायगड जिल्ह्यात वेगळा अर्ज टाकावा, की ठाण्यातच काही होईल? एकाने हेबियस कॉर्पस (बेकायदा ताब्यातल्या व्यक्तीला हजर करायला लावणारी रिट) सुचवलंय. जाणकारांनी सांगावं.

कोर्टनाका:
ठाण्यातच, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, चालू अर्जात अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या काळापुरता) अर्ज टाका. १८९० च्या कायद्यात गेलात की कलम ९ आडवं येतं: मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथलं न्यायालय. खारघर म्हणजे पनवेल तालुका, रायगड जिल्हा. पाच महिन्यांचा मुक्काम ‘सर्वसाधारण वास्तव्य’ की नुसतं हलवणं, हा तथ्य आणि कायदा दोन्हींचा मिश्र प्रश्न आहे, सर्वोच्च न्यायालयाने रुची माजू (२०११) मध्ये तसंच म्हटलंय. त्यावर पुरावा घेत बसलं की दिवाळी काय, मे महिन्याची सुट्टीही जाईल. कलम २६ ला मूळ अर्ज प्रलंबित असणं पुरतं.

हेबियस कॉर्पस सोडून द्या. मूल आईकडे आहे, ती नैसर्गिक पालक आहे, विरोधात कुठला आदेश नाही. तेजस्विनी गौड (२०१९) नुसार ताबा बेकायदेशीर असेल तरच ती रिट चालते.

आता ताब्याचं. मुलगी पाचच्या आत. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६(अ) चं परंतुक (कलमातली अपवादाची अट) आईच्या बाजूने, आणि रॉक्सान शर्मा (२०१५) नंतर आई अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार तुमच्यावर. अंतरिम ताबा मागून पहिल्याच तारखेला ‘नाही’ ऐकण्यापेक्षा भेट मागा. ताब्याची विनंती मुख्य अर्जात ठेवा, ती कुठे पळत नाही.

पनवेलचा_वकील:
वरच्याशी सहमत, पण एक धोका सांगायलाच हवा. कलम २६ चा अंतरिम आदेश घटस्फोटाच्या अर्जावर उभा असतो. उद्या अशिलाने तो मागे घेतला, तर भेटीचा आदेशही जातो. अशील अर्धवट मनाचा असेल तर त्याला हे आत्ताच समजावा. मग पालक व पाल्य कायद्याचा स्वतंत्र अर्ज लागेलच.

बजावणीकडे कोणी लक्ष देत नाही आणि अडतं तिथेच. जिल्ह्याबाहेरचं समन्स तिथल्या न्यायालयामार्फत बेलिफकडे (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) जातं, आणि ‘पत्त्यावर आढळून आले नाही’ असा शेरा येऊन महिना वाया जातो. परवानगी मागून हमदस्त (म्हणजे आपणच हातोहात), सोबत स्पीड पोस्ट, शिवाय ई-मेल आणि व्हॉट्सॲप अशा सगळ्या मार्गांनी पाठवा. बजावणीचं प्रतिज्ञापत्र लावताना ट्रॅकिंग रिपोर्ट आणि स्क्रीनशॉट जोडा. माहेरचा पत्ता इमारत-विंग-सेक्टरसकट लिहा. खारघरमध्ये सेक्टर नसेल तर बेलिफ परतच येतो.

आणि वकीलपत्रासोबत कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ चा परवानगी अर्ज दिलाय ना? तिथे वकील उभा राहणं हा हक्क नाही, परवानगी आहे.

नेरूळ_ॲडव्होकेट:
कलम आणि न्यायालय ठरलं तरी बहुतेक अर्ज ‘प्रेयर’मध्येच (कोर्टाकडे केलेल्या नेमक्या मागणीत) मार खातात. ‘योग्य ती भेट द्यावी’ असं मोघम लिहिलं की आदेशही मोघम येतो, आणि मोघम आदेशाचा भंग सिद्ध करता येत नाही. साधारण असं लिहा:

‘आदेशापासून पहिले चार आठवडे दर शनिवारी दुपारी ४ ते ६, खारघर सेंट्रल पार्क येथे, आईने किंवा तिने लेखी कळवलेल्या एका नातेवाइकाने मुलीला आणावे व न्यावे. त्यानंतर दर शनिवारी सकाळी १० ते सायंकाळी ६. बारा आठवड्यांनंतर महिन्यातून एक रात्र. दिवाळी व उन्हाळी सुट्टीचा निम्मा भाग, तारखा पंधरा दिवस आधी ई-मेलने. मूल आजारी असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी, आणि हुकलेली भेट पुढील रविवारी.’

व्हिडिओ कॉल वेगळा मागा. यशिता साहू (२०२०) मध्ये रोज ५ ते १० मिनिटांच्या संपर्काचा उल्लेख आहे, तो आधार घ्या. कॉल कोणाच्या नंबरवर, किती वाजता, हेही लिहा, नाहीतर रोज संध्याकाळी वाद.

चार वर्षांच्या मुलीसाठी थेट मुक्काम मागितला की समोरचा वकील ‘मूल रडतं’ एवढंच म्हणतो आणि समुपदेशकाकडे पाठवलं जातं. पायऱ्यांनी मागितलं तर तोच समुपदेशक तुमच्या उपयोगी पडतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल खारघरला थांबते, त्यामुळे ‘मुलीलाच ठाण्याला आणा’ हा हट्ट नको.

घोडबंदर_ज्युनिअर:
सर्वांचे आभार. दोन शंका. पत्नीने पनवेलमध्ये पोटगीचा अर्ज टाकलाय. आणि अशिलाकडे पत्नीच्या कॉलची रेकॉर्डिंग आहेत, ती लावू का?

कोर्टनाका:
तो अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असेल. भेटीशी त्याची सांगड घालू नका, पण पोटगी थकवून भेट मागणारा बाप कोणालाच आवडत नाही. शाळेची फी भरत असेल तर पावत्या जोडा. रजनीश वि. नेहा (२०२०) प्रमाणे मालमत्ता व दायित्वांचं प्रतिज्ञापत्र जबाबासोबत द्यावंच लागेल, जास्तीत जास्त चार आठवड्यांत. इथे उत्पन्न कमी दाखवून ठाण्याच्या अर्जात ‘मी मुलीला सगळं देऊ शकतो’ लिहिलंत, तर उलटतपासणीत दोन्ही कागद समोरासमोर येतील.

रेकॉर्डिंग: जुलै २०२५ च्या विभोर गर्ग निकालानंतर पती-पत्नीचे गुप्त कॉल घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र भाग अ आणि ब दोन्हींसह, हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) भरून द्या. पण भेटीच्या अर्जाला ती जोडू नका. तिथे बायको किती वाईट हे सांगून काही मिळत नाही. मुलीला वडिलांची सवय आहे हे दाखवणारे फोटो, लसीकरणाचं कार्ड, शाळेत सोडल्याची नोंद ही कागदपत्रं कामाची.