पंपावर असलेल्या मुलीची शुगर पहाटे उतरते, कारण सापडत नाही

खानापूरची आई:
माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिचे वजन २७ किलो आहे आणि टाइप १ मधुमेहासाठी ती आठ महिन्यांपासून इन्सुलिन पंप वापरते. गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा पहाटे तीनच्या सुमारास अंगावर लावलेल्या, शुगर मोजणाऱ्या सेन्सरचा गजर झाला आणि आकडा ५५ ते ६० दिसला. जेवण नेहमीचेच असते, बोलस (जेवणाच्या वेळी पंपातून द्यायचा इन्सुलिनचा डोस) मी स्वतः देते. बेळगावच्या डॉक्टरांनी फोनवर रात्रीचा बेसल (पंपातून सतत थोडे थोडे जाणारे इन्सुलिन) थोडा कमी करून दिला, पण असे का होते हे उलगडलेले नाही.

निपाणीकर:
ताई, गजर झाल्यावर प्रत्येक वेळी बोट टोचून पाहिले होते का? मूल सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपले की त्या जागी दाब पडून आकडा खोटाच खाली जातो. आकडा खरा निघाला, तर पंपाची नोंदवही उघडून एखादा बोलस दोनदा गेला आहे का, हे तपासावे. आमच्याकडे बॅटरी बदलताना घड्याळातील सकाळ-संध्याकाळ उलटी लागली आणि दिवसाचा बेसल रात्री चालू राहिला. चार दिवस आम्ही जेवणालाच दोष देत होतो. पंपाच्या नळीत इन्सुलिन भरताना ती अंगापासून सोडवलेली असावी, हेही घरातील सर्वांना सांगून ठेवा.

अथणीहून एक पालक:
ती संध्याकाळी खेळते का, हे आपण लिहिलेले नाही. खेळून रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातील साखर ओढून घेतात, आणि हा परिणाम बहुधा सात ते अकरा तासांनी दिसतो, म्हणजे पाचच्या खेळाचा हिशेब पहाटे होतो. आमच्या मुलासाठी डॉक्टरांनी खेळाच्या रात्रीपुरता वेगळा बेसल ठरवून दिला आहे. आणखी एक, शुगर उतरली म्हणून आजी प्रेमाने कुंदा भरवते, पण दुधातुपामुळे त्यातील साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्या वेळी ग्लुकोज पावडरच द्यावी. आपल्या मुलीच्या वजनाला आठ-नऊ ग्रॅम पुरते, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

बेळगावची परिचारिका:
वरील दोघांशी मी सहमत आहे. कॅन्युला (पंपातील इन्सुलिन कातडीखाली सोडणारी बारीक नळी) एकाच जागी वारंवार लावल्याने कातडीखाली गाठी येतात व तेथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. मग डोस वाढत जातो आणि एके दिवशी ताजी जागा निवडली की तोच डोस जास्त ठरतो. पंपात इन्सुलिनच्या असराचा काळ फार कमी भरला असेल, तर अंगात शिल्लक असलेले इन्सुलिन हिशेबात येत नाही आणि वाढलेली शुगर उतरवण्यासाठी दिलेला दुरुस्तीचा बोलस त्यावर चढतो. इन्सुलिनची गरजच हळूहळू घटत असेल, मूल मलूल दिसत असेल किंवा पोट सारखे बिघडत असेल, तर सीलिअॅक (गव्हातील ग्लूटेन न सोसण्याचा आजार), थायरॉइड आणि मूत्रपिंडावरील अॅड्रिनल ग्रंथीच्या तपासण्यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र भीतीपोटी रात्रभर पंप काढून ठेवू नका. त्यात केवळ जलद इन्सुलिन असल्याने काही तासांतच कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणारी घातक आम्ले) वाढू लागतात.

खानापूरची आई:
नोंदवही पाहिली, घड्याळ बरोबर आहे. पाचपैकी तीन रात्री खोखोच्या सरावाच्या निघाल्या, आणि एका रात्री कॅन्युला मांडीवरून पोटावर हलवली होती. मांडीवर हाताला गाठ लागते. पाचवी रात्र मात्र कशातच बसत नाही. तीन वेळा बोट टोचलेच नव्हते, हेही कबूल करते. आज सराव होता, म्हणून दोनला उठून तपासणार आहे.