नॅनोवर ब्लिंकचा प्रोग्राम चढतच नाही, बोर्ड खराब आहे का?

मखरवाली
नमस्कार मंडळी, यंदा घरच्या गणपतीच्या मखरात स्वतः प्रोग्राम केलेले लाईट लावायचे असं मी आणि माझ्या भाच्याने ठरवलंय, तो आठवीत आहे आणि दोघंही यात अगदी नवीन. लॅमिंग्टन रोडवरून आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डचा क्लोन (नक्कल), थोडे एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर आणि ब्रेडबोर्ड आणलाय. केबल लावली की बोर्डवरचा छोटा लाईट आपोआप लुकलुकतो पण आम्ही ब्लिंक (लाईट उघडझाप करणारा नमुना प्रोग्राम) अपलोड करायला गेलो की 'नॉट इन सिंक' असा एरर येतो. मग हा लुकलुकतोय तो कशाने? बोर्ड बदलून आणू का?

सोल्डरकाका
ताई घाई नको, शिवाय उद्या रविवार, तिथली बरीचशी दुकानं बंद असतील. लाईट लुकलुकतोय म्हणजे चिप जिवंत आहे. बरेच बोर्ड टेस्टिंगचा ब्लिंक प्रोग्राम पोटात घेऊनच येतात, तोच चालतोय. 'नॉट इन सिंक' म्हणजे लॅपटॉप हाक मारतोय आणि बोर्ड ओ देत नाहीये. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या टूल्स मेनूत बोर्ड नॅनो ठेवा आणि प्रोसेसरमध्ये 'ओल्ड बूटलोडर' लिहिलेला ऑप्शन घ्या, कारण जुना बूटलोडर (बोर्डवरचा, नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) ५७६०० बॉडच्या वेगाने बोलतो आणि नवा ११५२०० ने, क्लोनमध्ये बरेचदा जुनाच असतो. पोर्टच दिसत नसेल तर मात्र सीएच३४० चा (क्लोनवरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर टाका, आणि केबल नुसती चार्जिंगची नाही ना तेही बघा, त्यात डेटाच्या वायरी नसतात.

आणि महत्त्वाचं, ब्लिंक आहे तसा चढवू नका. डिलेमध्ये (थांबायच्या वेळेत) १००० आहे तिथे दोन्हीकडे २०० करा. १००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद, तो जुना प्रोग्रामही त्याच वेगाने चालत असेल तर तुमचा चढला की नाही कळणार कसं? लाईट भराभर उघडझाप करायला लागला की समजा तुमचाच.

मखरवाली
काका झालं!! ओल्ड बूटलोडर घेतल्यावर पहिल्याच फटक्यात चढला, भाचा आता आकडे बदलत बसलाय 😀 आता बाहेरचा एलईडी डी९ पिनला लावायचाय, रेझिस्टर लागतोच का? आणि दोन लाईट वेगवेगळ्या वेगाने करायचेत, शिवाय घरी १२ व्होल्टची एलईडी पट्टी पण आहे.

परळचा_टिंकर
रेझिस्टर हवाच. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, पिन देते ५, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमवर पडले की करंट १३-१४ मिलिअँपच्या आसपास राहतो. पिनची अगदी शेवटची मर्यादा ४० आहे, पण २० च्या आतच ठेवा. एलईडीचा लांब पाय पिनच्या बाजूला, आखूड ग्राउंडला, रेझिस्टर कुठल्याही बाजूला चालेल. प्रोग्राममध्ये १३ ऐवजी ९ टाकायला विसरू नका, उदाहरणात एलईडी बिल्टइन लिहिलंय ते म्हणजे १३ नंबरच.

दोन वेगांसाठी डिले सोडून मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) वापरा. डिले चालू असताना प्रोग्राम तिथेच थांबून राहतो, दुसऱ्या लाईटकडे बघतच नाही.

सोल्डरकाका
मिलिस बरोबर आहे पण मुलाला आधी डिलेनेच दोन लाईट करू द्या. तो स्वतः म्हणेल की एक थांबला की दुसराही अडकतो, मग मिलिस सांगा, तेव्हा त्याला ते का हवंय हे लगेच पटेल.

पट्टी थेट पिनला अजिबात जोडू नका. छोटा तुकडा असेल तर मध्ये यूएलएन२००३ घाला (पिनच्या इशाऱ्यावर जास्त करंट चालू-बंद करणारी आयसी), मोठी पट्टी असेल तर लॉजिक लेव्हल मॉसफेट (५ व्होल्टच्या पिनने चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). पट्टीचा प्लस १२ व्होल्टच्या अडॅप्टरला, मायनस आयसीच्या आउटपुटला, आणि अडॅप्टरचा मायनस, आयसीचा ग्राउंड, बोर्डचा ग्राउंड हे तिन्ही एकत्र जोडा नाहीतर ती पेटणारच नाही. बाजारातली २३० व्होल्टची माळ मात्र यात घेऊ नका, ती आपली वेगळ्या प्लगवरच राहू दे.