घरचं आरओ आणि शून्य टीडीएस

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी एक सल्ला वाचला: दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला आणि मीठ कालवायला स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी घ्या. पहिलं पटलं, दुसऱ्यात गोम आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती प्युरिफायरमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणीतून) न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. नळातलं नायट्रेट, सिलिकेट त्यातून थेट टाकीत. माझ्या ४० लिटरच्या टाकीत वाळूवर सारखी तपकिरी साय धरायची. महिनाभर मी दिव्याला शिव्या घालत होतो. शेवटी प्युरिफायरच्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवला, तर ७०! मग मेम्ब्रेननंतर लगेच, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी, टी (तीन तोंडांचा जोड) लावून वेगळी नळी काढली आणि तिला डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे मणी) जोडलं. आता ० येतं, साय हळूहळू गेली. (पिण्याचा नळ तसाच ठेवला, नाहीतर घरात वेगळंच भांडण.)

आणि उडालेलं पाणी भरताना तेच बिनमिठाचं पाणी घाला. मीठ काही उडत नाही. ४० लिटरमध्ये रोज पाऊण लिटर खारं पाणी भरत राहिलात तर ३५चा खारेपणा (लिटरमागे साधारण इतके ग्रॅम मीठ) आठवड्यात ३९च्या वर जातो. मी काचेवर इन्सुलेशन टेपची रेघ मारलीय, रोज सकाळी चहाआधी तिथपर्यंत भरतो.