मदत हवी आहे: 'हॅज बीन' की 'वॉज'?

मंडळी, कोल्हापुरात पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. परराज्यातल्या गिऱ्हाइकांना ऑर्डरचे मेल इंग्रजीत धाडावे लागतात आणि दर वेळी घाम फुटतो.

परवा लिहिलं, 'युअर ऑर्डर हॅज बीन डिस्पॅच्ड यस्टरडे.' साहेबांनी 'हॅज बीन' खोडून 'वॉज' केलं. का, ते विचारायची सोय नाही! घरी डोकं खाजवल्यावर उमगलं ते असं: मराठीत आपण 'माल कालच पाठवला आहे' बिनदिक्कत म्हणतो, पण इंग्रजीत 'काल', '12 तारखेला' अशी ठरलेली वेळ आली की 'हॅज बीन' चालत नाही, 'वॉज'च लागतं. तारीख नसेल तर चालतं. इथवर बरोबर आहे ना?

खरं घोडं पुढे अडतंय. 'युअर ऑर्डर इज कन्फर्म्ड' आणि 'हॅज बीन कन्फर्म्ड', फरक काय? दोन्ही सगळीकडे दिसतात. शिवाय पॅकिंग चालू असताना मी 'इज पॅक्ड' लिहिलं, तर गिऱ्हाइकाने लगेच एलआर नंबर (माल ट्रान्सपोर्टला दिल्यावर मिळणाऱ्या पावतीचा नंबर) मागितला. तिथे 'इज बीइंग पॅक्ड' हवं होतं का?

एकेक वाक्य उदाहरणासकट सांगा. व्याकरणाची पुस्तकं सुचवू नका, दोन कपाटात पडून आहेत.